अंतर दहा किलोमीटर, तरीही दुर्गम

'दुर्गम भाग' म्हटलं की आपल्याला गडचिरोली आठवते, मेळघाट आठवतो, मुंबई नाही. पण गेटवे ऑफ इंडियापासून समुद्रात जेमतेम दहा-अकरा किलोमीटरवर एक गाव आहे आणि तिथं कायमची वीज पोचायला २०१८ साल उजाडावं लागलं. हे गाव म्हणजे घारापुरी, पर्यटकांच्या भाषेत एलिफंटा.

शाळेच्या सहलीतून आलेल्यांना त्रिमूर्ती आठवते, माकडं आठवतात. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत, हे फारसं कुणाला आठवत नाही. लोकसंख्या हजार-बाराशेच्या घरात, म्हणजे वळसंगची एखादी गल्लीसुद्धा यापेक्षा गजबजलेली वाटेल. दिसायला मुंबई समोर, पण जिल्हा रायगड आणि तालुका उरण. त्यामुळे सरकारी काम निघालं की लाँचचं तोंड उरणकडे आणि पर्यटकांवर पोट चालवायचं तर गेटवेकडे.

२०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत इथं संध्याकाळी जनरेटर चालायचा, तोही तीनेक तास. मग महावितरणनं समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकली, खर्च सुमारे २५ कोटी. एवढ्या लोकांसाठी एवढा पैसा, असं कुणी म्हणेल. पण १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत असलेल्या लेण्यांचं तिकीट सरकार फाडत होतं आणि लेण्यांखालची घरं अंधारात होती. हा हिशेब कुणी मांडला नाही.

वीज आली, तरी बेट दुर्गमच आहे. कारण दुर्गमपणा किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, दुसरा पर्याय आहे का हे बघावं लागतं. वळसंगहून सोलापूर वीसेक किलोमीटर. एसटी हुकली तर वडाप आहे, तेही नाही तर कुणाची तरी मोटारसायकल. घारापुरीला वडाप नाही. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, म्हणून संध्याकाळी लाँच त्यांना घेऊन परततात. त्यानंतर कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर होडी शोधायची आणि समुद्र शांत असावा अशी आशा करायची. पावसाळ्यात ती आशाही कमी.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून बेटाकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण पर्यटक हा प्रवास आयुष्यात एक-दोनदा करतो. बेटावरच्या बाईला बाजारहाट, दवाखाना, तालुक्याचं काम, सगळ्यासाठी हाच रस्ता.

मोठ्या योजनांची कमतरता नाही. शिवडी ते घारापुरी रोपवेची घोषणा झाली, पाळणे अजून दिसलेले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू बेटाच्या उत्तरेकडून निघून जातो, २१.८ किलोमीटर, पण बेटावर उतरायची सोय त्यात नाही. आता गेटवेजवळ रेडिओ क्लबच्या बाजूला २२९ कोटींची नवी जेट्टी होतेय. त्यावरचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. कुलाब्याचे रहिवासी, वारसा, वाहतूककोंडी यावर भरपूर बोलणं झालं. मुद्दे रास्तच आहेत, पण ते सगळे किनाऱ्यावर उभं राहून मांडलेले.

हजार-बाराशे लोकांच्या वस्तीतल्या मतांवर कुणी निवडून येत नाही, हे खरं कारण असावं. योजना आखताना मोजले जातात ते वर्षाला येणारे लाखो पर्यटक, आणि ते अंधार पडायच्या आत परत गेलेले असतात. नव्या जेट्टीवर किती बोटी लागतील, किती गाड्या उभ्या राहतील, याचे आकडे छापून येतात. रात्री दहाला राजबंदरहून निघालेल्या पेशंटसाठी तिथं बोट आणि ॲम्ब्युलन्स उभी असेल का, हा आकडा अजून कुणी विचारलेला नाही.