ठेका एकाचा, शब्द दोघींचे

यंदाच्या स्नेहसंमेलनाची यादी ठरत असताना नववीच्या तीन विद्यार्थ्यांनी एक अर्ज दिला. एका मुलाने संगणकावर ठेका बांधायचा आणि दोन मुलींनी त्यावर मराठीत रॅप म्हणायचा, अशी त्यांची कल्पना. अर्ज अजून निर्णयाविना पडून आहे. "हे आपल्या शाळेत नको," असे काही पालकांचे आणि विश्वस्तांचे म्हणणे आहे. संपादक मंडळात आम्हीही यावर बराच वाद घातला. शेवटी आमचे जे मत झाले ते येथे मांडत आहोत.

मुलांना ही कल्पना सुचली 'बयान' या हिपहॉप अल्बमवरून. दिल्लीच्या सिद्धांत शर्मा आणि अभिजय नेगी यांची 'सीधे मौत' ही जोडी आणि 'सेझ ऑन द बीट' या नावाने संगीत करणारे सजील कपूर, या तिघांनी मिळून तो २०१८ साली काढला. शब्द जोडीचे, संगीत सेझ यांचे. २०२२ साली याच तिघांचा 'नायाब' हा अल्बम आला. मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी यांचे २०१५ मधले 'मेरे गली में' हे गाणेही सेझ यांनीच बांधले होते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की ही कला परकी आहे. ती परकी आहे, हे खरेच. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका इमारतीच्या सभागृहात डीजे कूल हर्क यांनी दोन तबकड्या आलटून पालटून वाजवल्या आणि गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा लांबवत नेला. हिपहॉपचा आरंभ तिथून मानतात. पण हा कार्यक्रम कशासाठी होता? हर्क यांच्या बहिणीला शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने तो भरवला होता! शाळेच्या कपड्यांसाठी भरलेल्या कार्यक्रमातून निघालेली कला शाळेला वर्ज्य का असावी? आपली पेटीही युरोपातूनच आली, आणि आज तिच्याशिवाय नाट्यसंगीताची बैठक होत नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा, आणि तो आम्हाला मान्य आहे. या गाण्यांत शिव्या असतात. 'बयान'मध्येही आहेत. तो अल्बम शाळेत वाजवावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण शिवी हा रॅपचा प्राण नव्हे. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाने आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. त्यातला रॅप मराठीत आहे आणि विषय आहे झाडांचा आणि जमिनीचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत झाडे तोडली गेली, तेव्हा सारा देश ज्यावर बोलू लागला, त्यावर ही मंडळी आधीच गात होती. शाहिरांनी याहून वेगळे काय केले?

तिसरा आक्षेप असा, की रॅपमुळे मुलांची मराठी बिघडेल. नारायणगुड्यात राहून हे म्हणताना आपण जरा थांबायला हवे. चौकातला रिक्षावाला "ऐसाइच है", "मैंइच आता" म्हणतो, त्यातला 'च' आपलाच आहे. दख्खनी भाषेने तो मराठीकडून घेतला. आपणही घरात उर्दू आणि तेलुगू शब्द सहज वापरतो. १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा सुरू झाली, तेव्हापासून या शहरात मराठी टिकली ती इतर भाषांच्या शेजारात बोलली गेली म्हणून. भाषा मिसळली म्हणजे मरते असे नाही. ती मरते मुले बोलायची थांबली म्हणजे.

या संदर्भात अर्जासोबत जोडलेला कागद आम्ही सर्वांनी वाचला. आजीला इंग्रजी येत नाही, धाकट्या भावाला मराठी वाचता येत नाही, आणि दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवून मधली मुलगी दमून गेली आहे, असा त्याचा आशय आहे. पालकहो, हे कोणाच्या घरचे चित्र आहे हे आम्ही सांगायला नको. 'माझी मायबोली' या विषयावर दर वर्षी लिहिल्या जाणाऱ्या निबंधांत आम्हाला असे खरे बोल क्वचितच वाचायला मिळाले.

शिवाय या कामात शिस्त आहे. रॅपचे एक कडवे साधारणपणे सोळा आवर्तनांचे असते, प्रत्येकात चार मात्रा. म्हणजे चौसष्ट मात्रांत म्हणणे बसवायचे, यमक सांभाळायचे, आणि एकीचा श्वास संपतो तिथे दुसरीने शब्द उचलायचा. ठेका बांधणाऱ्याने शब्दांना जागा सोडायची. नाव मात्र तिघांचे. आपल्या संमेलनात तबला आणि पेटी वाजवणाऱ्यांची नावे पत्रिकेतून किती वेळा गळतात, हेही या निमित्ताने आठवावे.

म्हणून आमची सूचना अशी. कार्यक्रमाला पाच मिनिटे द्यावीत. शब्द मुलांचे स्वतःचे असावेत आणि ते आधी मराठीच्या शिक्षकांना दाखवावेत. ठेका इंटरनेटवरून उचललेला नसावा. एकही अपशब्द नसावा. सरावासाठी शनिवारी दुपारी एक वर्ग आणि शाळेचा स्पीकर द्यावा. पत्रिकेत तिघांचीही नावे छापावीत.

सन्माननीय विश्वस्तांना विनंती, की येत्या बैठकीत हा अर्ज पुढे घ्यावा. विद्यार्थी मित्रांनो, परवानगी मिळाली तर तिचे चीज करा. आणि त्या मुलीच्या आजीला पहिल्या रांगेत बसवायला विसरू नका.