मे महिन्यातलं न्यूझीलंड

संपादक महोदय,

'मुलांच्या मे महिन्याच्या सुटीतच न्यूझीलंड पाहून घ्या आणि तिकिटं वेगवेगळी काढून पैसे वाचवा' हा गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचा सल्ला वाचून राहवलं नाही.

मे अखेरीस तिथे हिवाळा दाराशी आलेला असतो. क्वीन्सटाउनला संध्याकाळी सव्वापाचच्या आत सूर्य मावळतो. डिसेंबरात तिथेच रात्री नऊनंतरही उजेड असतो. नाताळची सुटी लहान आणि तिकिटं महाग, हे मान्य. पण एवढ्या लांब जाऊन अंधार पाहायचा का?

वेगवेगळ्या तिकिटांचा सल्ला तर घातकच आहे. ऑकलंडला जाताना सिंगापूरसारख्या ठिकाणी विमान बदलावं लागतं. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पहिलं विमान रखडल्यामुळे पुढचं चुकल्यास पर्यायी सोय विमान कंपनी करते. तिकिटं वेगळी असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त गैरहजर प्रवासी. आमचं पहिलं विमान तीन तास रखडलं आणि चौघांची नवी तिकिटं आयत्या वेळच्या दराने घ्यावी लागली. माझ्या सत्तरीच्या आईने ती रात्र विमानतळावरच्या खुर्चीत काढली. वाचवलेले पैसे तर गेलेच, वर दुप्पट गेले.

आणखी एक. मे महिन्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असतं. पूर्वेकडे जाताना झोप जुळायला वेळ लागतो. कृपा करून पोचल्या दिवशी भाड्याची गाडी चालवायला घेऊ नका.

— एक वाचक, डोंबिवली