नव्वद टक्के यश

'अ ब्रिज टू फार' हा पिक्चर होस्टेलवर बऱ्याच जणांनी पाहिला असेल. रिचर्ड अ‍ॅटनबरोचा, १९७७ चा, जवळजवळ तीन तासांचा. तो संपल्यावर आमच्या रूमवर सगळ्यांचं एकमत झालं की शेवटचा पूल जरा जास्तच लांब होता, नाहीतर जमलं असतं. मला हे अजिबात पटत नाही. पूल होता तिथेच होता आणि नकाशावर सगळ्यांना दिसत होता. चुकलं ते दुसरीकडे.

थोडक्यात गोष्ट अशी. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन सैन्य फ्रान्समधून मागे हटत होतं. माँटगोमेरीने प्लॅन मांडला : हॉलंडमध्ये पॅराशूट आणि ग्लायडरने सैन्य उतरवून पूल ताब्यात घ्यायचे आणि बेल्जियमच्या सीमेवरून रणगाडे एकाच रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर वर, आर्नेमपर्यंत न्यायचे. तिथे ऱ्हाईन ओलांडली की जर्मनीचं दार उघडं! हेच ऑपरेशन मार्केट गार्डन. १० सप्टेंबरला मंजुरी, १७ ला पहिल्या उड्या. मध्ये फक्त सात दिवस. आपल्याला जर्नल पुरं करायलाही यापेक्षा जास्त लागतात.

आता आपल्या भाषेत बोलू. हे सरळसरळ सिरीज सर्किट होतं. सोन, वेगेल, ग्रेव्ह, मास-वाल कालवा, नायमेगन आणि आर्नेम, असे एकापुढे एक सहा पाण्याचे अडथळे. एक अडला की पुढचं सगळं अडलं. प्रत्येक ठिकाणी यशाची शक्यता ९० टक्के धरा आणि सहा वेळा गुणा. उत्तर येतं ५३ टक्के, म्हणजे जवळपास नाणेफेकच. सोनचा पूल जर्मनांनी पहिल्याच दिवशी उडवला. इंजिनिअर्सनी एका रात्रीत बेली ब्रिज उभा केला (इथे आमच्या सिव्हिलवाल्यांनी शिट्ट्या मारल्या), पण गेलेला वेळ काही परत आला नाही.

तिकडे आर्नेमला विमानं कमी म्हणून ब्रिटिश डिव्हिजन एका दिवसात उतरूच शकत नव्हती. उतरायची जागा पुलापासून दहा-बारा किलोमीटरवर. वायरलेस सेट्सची रेंज मुळात कमी, त्यात झाडी आणि घरं. शेवटी पुलाच्या उत्तर टोकाला जॉन फ्रॉस्टचे साधारण ७४० जण पोचले. अख्ख्या डिव्हिजनने दोन दिवस धरायचा तो पूल त्यांनी तीन दिवसांहून जास्त धरला. ऱ्हाईनपलीकडे उतरलेल्या सुमारे १०,००० जणांपैकी परत आले ते २,४०० च्या आसपास.

पण माझा मुद्दा शौर्याचा नाही, शंका विचारण्याचा आहे. पिक्चरमधला फुलर नावाचा तरुण अधिकारी आठवतो? खरा माणूस होता ब्रायन अर्कहार्ट, वय २५. त्याने आर्नेमजवळच्या रणगाड्यांचे फोटो मिळवून जनरल ब्राउनिंगना दाखवले. त्याला सिक लीव्हवर पाठवण्यात आलं. अलीकडे अभ्यासकांना त्यातला एक फोटो मिळाला, त्यातले रणगाडे जुने, ट्रेनिंगच्या तुकडीचे होते असं म्हणतात. मग तो चुकला का? माझ्या मते हा प्रश्नच गैरलागू आहे. आर्नेमच्या आसपास दोन एसएस पँझर डिव्हिजन्स खरंच होत्या. आणि समजा नसत्या, तरी शंका तपासून बघायची असते, शंका घेणाऱ्याला घरी पाठवायचं नसतं.

पोलिश ब्रिगेडचे सोसाबोव्स्की तर तोंडावर 'हे जमणार नाही' म्हणत होते. मोहीम फसल्यावर खापर त्यांच्यावरच फुटलं आणि डिसेंबर १९४४ मध्ये त्यांची कमांड गेली. हॉलंडने त्यांना शौर्यपदक दिलं ते २००६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ३९ वर्षांनी.

माँटगोमेरी मात्र म्हणाला की मोहीम ९० टक्के यशस्वी झाली. आता उरलेल्या दहा टक्क्यांचा हिशेब बघा. मोहिमेला मदत म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप केला होता. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडकडे जाणारं धान्य अडवलं. त्या हिवाळ्यात सुमारे २०,००० माणसं उपासमारीने गेली. त्यांनी कुठल्याच प्लॅनवर सही केली नव्हती.

हे सगळं मला इतकं का लागलं, तेही सांगून टाकते. गेल्या सेमिस्टरला आमच्या रोबोटची मोटर दुसऱ्या रॅम्पवर लोड घेणार नाही, असं ग्रुपमधली एक मुलगी दोनदा म्हणाली. तिला 'निगेटिव्ह बोलू नकोस गं' म्हणून गप्प करणारी मीच. रोबोट दुसऱ्या रॅम्पवर थांबला. आमचं काय, चार मार्क गेले. पण उद्या आपल्यापैकीच कोणीतरी खरे पूल बांधणार, खरे ब्रेक डिझाइन करणार आहे. तिथे कोणी हात वर करून 'सर, एक शंका आहे' म्हणालं, तर आपण काय करू? मी तरी आधी तिचं कॅल्क्युलेशन मागून घेईन. त्या रात्री ते तिच्या वहीत होतं, आणि मी वही उघडलीसुद्धा नव्हती.