प्रमाणपत्राविना ‘सेंद्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गुळावर कारवाई होणेबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय.

विषय : ‘सेंद्रिय’ गुळाच्या खोट्या लेबलांची गुऱ्हाळ हंगामापूर्वी तपासणी होणेबाबत.

संदर्भ : १) लोकशाही दिनातील आमचा अर्ज. २) गेल्या दिवाळीपूर्वीच्या बैठकीतील तोंडी आश्वासन. ३) त्यानंतरची आमची स्मरणपत्रे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन की, आम्ही पीजीएस-इंडिया प्रमाणित गटातील ऊस उत्पादक व गुऱ्हाळचालक शेतकरी आहोत. नियम आपणांस ठाऊक आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. त्या नियमांची अंमलबजावणी व्हावी, एवढ्यासाठी हे निवेदन आहे.

प्रमाणपत्र मिळेपर्यंतची रूपांतराची वर्षे आम्ही कमी उताऱ्यावर काढली. युरिया बंद केला, शेणखत व जीवामृतावर ऊस वाढवला, शेजारच्या फवारणीपासून वाचण्यासाठी बांधालगतची पट्टी सोडली. गटातले शेतकरी एकमेकांच्या शेतात जाऊन तपासणी करतात, नोंदवह्या उघडून दाखवतात. गुऱ्हाळात मळी काढायला रानभेंडीचा रस वापरतो, हायड्रॉस पावडर काहिलीजवळ येऊ देत नाही. त्यामुळे आमचा गूळ तांबूस-काळपट उतरतो. व्यापारी ढेप फोडून पाहतो, “पिवळा नाही” म्हणतो आणि भाव पाडतो.

त्याच बाजारात पिवळाधमक गूळ ‘१००% ऑरगॅनिक’ छापलेल्या पाकिटात आमच्यापेक्षा चढ्या दराने विकला जातो. पाकिटावर ‘जैविक भारत’ चिन्ह नाही, प्रमाणपत्र क्रमांक नाही, गटाचे नाव नाही. असे एक पाकीट, पावती आणि छायाचित्रे आम्ही अर्जासोबत जोडली होती. पाकीट फोडलेले आहे, असे सांगण्यात आले, म्हणून सीलबंद दिले. मग नमुना अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो, असे उत्तर मिळाले. ते आम्हांला मान्यच होते, अधिकारी पाठवा एवढेच आमचे म्हणणे होते. दिवाळीपूर्वी तपासणी करू, असे बैठकीत सर्वांसमक्ष सांगण्यात आले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, गुऱ्हाळे थंडावली. दुकानात कोणी फिरकले नाही. स्मरणपत्रांना ‘कार्यवाही सुरू आहे’ याखेरीज उत्तर नाही. कोणती कार्यवाही, कोणत्या दुकानात, हे आजवर लेखी कळवलेले नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालाला वेळ लागतो, असेही कारण देण्यात आले. नमुने अवश्य घ्यावेत. अहवालावर अपील झालेच तर म्हैसूरच्या सीएफटीआरआयसारखी रेफरल प्रयोगशाळा त्यासाठीच आहे. परंतु पाकिटावर चिन्ह व प्रमाणपत्र क्रमांक आहे की नाही, हे दुकानात उभ्या उभ्या दिसते. त्याला कोणत्याही अहवालाची वाट पाहावी लागत नाही. प्रमाणपत्राविना थेट विक्रीची सवलत छोट्या शेतकऱ्यासाठी आहे, दुकानाच्या फळीवरच्या पाकिटाला तिचा आडोसा देऊ नये.

सेंद्रिय अन्नाविषयीचे २०१७ चे विनियम १ जुलै २०१८ पासून लागू आहेत. पाकिटावरचा प्रमाणपत्र क्रमांक खरा असेल तर ग्राहक त्यावरून गटापर्यंत पोहोचू शकतो. लहान मुलांसाठी, आजाऱ्यांसाठी म्हणून जादा पैसे मोजणाऱ्या बाईला दुसरा कोणता आधार आहे? एकदा फसलेले गिऱ्हाईक आमच्या खऱ्या मालावरही विश्वास ठेवत नाही. खोट्या पाकिटाचा दंड आज प्रामाणिक शेतकरी भरत आहे.

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. गुऱ्हाळे सुरू होण्यापूर्वी किराणा दुकाने, मॉल व कृषी प्रदर्शनांतील ‘सेंद्रिय’ गुळाच्या लेबलांची तपासणी मोहीम घ्यावी. चिन्ह व प्रमाणपत्र नसलेल्या मालाची विक्री रोखून अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ५२ व ५३ नुसार कार्यवाही करावी. ‘विषमुक्त’, ‘केमिकल फ्री’ अशा दाव्यांचा पुरावा विक्रेत्याकडे मागावा. केलेल्या कार्यवाहीचा अहवाल आम्हांस लेखी द्यावा.

२. तक्रारींसाठी एक जबाबदार अधिकारी नेमून उत्तराची मुदत ठरवून द्यावी.

३. परंपरागत कृषी विकास योजनेतील निविष्ठा अनुदानाचा थकीत हप्ता खात्यावर जमा करावा.

४. गटाच्या प्रमाणपत्राचे रखडलेले नूतनीकरण मार्गी लावावे.

५. आठवडी बाजारात प्रमाणित मालासाठी कायमची जागा द्यावी.

तोंडी आश्वासन घेऊन आम्ही एकदा परत गेलो आहोत. या वेळी तारीख व अधिकाऱ्याचे नाव लेखी मिळावे. पहिली काहील चढेपर्यंत तपासणी झाली नाही, तर नाइलाजास्तव आपल्या कार्यालयासमोर लोकशाही मार्गाने धरणे धरावे लागेल, याची कृपया नोंद घ्यावी.

कळावे,

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद,
सेंद्रिय ऊस उत्पादक शेतकरी गट

सोबत : पाकिटाचे छायाचित्र, खरेदीची पावती, पूर्वीच्या अर्जांच्या पोचपावत्या.