लिनक्स टाकलं, पुढं काय?

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, पण घरात, शाळेत किंवा मंडळाच्या ऑफिसात जुना पीसी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्यात बसत नाहीत. म्हणजे २०१६ साली घेतलेला, आजही ठणठणीत चालणारा पीसी एका तारखेनंतर 'जुना' ठरला. दुकानात गेलं की उत्तर एकच: नवीन घ्या.

मग कोणीतरी हुशार पोरगं येतं, पेनड्राइव्हवरून अर्ध्या तासात लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून देतं आणि जातं. पंधरा दिवसांनी बघावं तर त्याच मशिनवर परत कुठलंतरी चोरीचं विंडोज! आणि वर शेरा, "लिनक्स आपल्या कामाचं न्हाई."

माझं स्पष्ट मत आहे, दोष लिनक्सचा नाही आणि वापरणाऱ्याचाही नाही. टाकून देणं हे काम नव्हेच. खरं काम पुढच्या आठ दिवसांचं असतं, आणि तेच आपण कोणी करत नाही.

त्या आठ दिवसांत काय करायचं, ते सांगतो:

१. आधी अपडेट. इंटरनेट जोडा, अपडेट मॅनेजर उघडा आणि सगळं घेऊन टाका. वायफाय चालत नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट वापरा आणि मग ड्रायव्हर मॅनेजर बघा. बऱ्याचदा प्रश्न तिथंच सुटतो.

२. टाइमशिफ्ट चालू करा. मिंटमध्ये ते आधीपासून असतं. काही बिघडलं तर सिस्टिम मागच्या तारखेला नेता येते. पण लक्षात ठेवा, हे सिस्टिमसाठी आहे. तुमचे फोटो आणि फायली वेगळ्या डिस्कवर ठेवायच्याच.

३. मराठी कीबोर्ड. हे पहिल्याच दिवशी करा. सेटिंगमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक जोडा. ज्या मशिनवर मराठीत अर्ज लिहिता येत नाही, ते मशीन आपल्या माणसाला परकंच वाटणार.

४. प्रिंटर जोडून एक पान छापून बघा. दुकान असो वा शाळा, प्रिंट आली नाही की माणसाचा विश्वास उडालाच म्हणून समजा.

५. इंटरनेटवरून .exe फायली उतरवायची सवय सोडा. जे हवं ते सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. आणि व्हिडिओत दिसली म्हणून कुठलीही 'सुडो'ने सुरू होणारी कमांड टर्मिनलमध्ये चिकटवू नका. सुडो म्हणजे घराची किल्ली हातात देणं.

६. लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फायली उघडतात, पण फॉन्ट नसेल तर पान हलतं. दुसऱ्याला पाठवायचं असेल तर पीडीएफ करून पाठवा.

बास, एवढंच. यात इंजिनिअर लागत नाही. शेजारी बसून दाखवणारं माणूस लागतं.

आता खरं तेही सांगायला पाहिजे. टॅली, कोरलड्रॉ, ऑटोकॅड ही विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर सरळ चालत नाहीत. जुन्या श्री-लिपीच्या फॉन्टमधल्या फायलींचा मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. ज्याचं पोट त्या सॉफ्टवेअरवर आहे, त्याला लिनक्सचा आग्रह करणं हा शहाणपणा नव्हे. पण पोरांचा अभ्यास, टायपिंग, ब्राउझर, ऑनलाइन फॉर्म, वाचनालयाची नोंद यांना काय अडचण आहे? आणि शंका असेल तर आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, हार्डडिस्कला हात न लावता.

आपल्या उद्यमनगरात जुनं लेथ सहसा कोणी भंगारात घालत नाही. बेअरिंग बदलतात, तेल घालतात, परत चालवतात. मग संगणकालाच वेगळा न्याय का? जुन्या पीसीत एक एसएसडी आणि थोडी रॅम घातली तर तो आणखी काही वर्षं आरामात चालेल.

हे हवेतलं बोलणं नाही. केरळात 'काइट' ही सरकारी संस्था शाळांना उबंटूवर आधारलेली स्वतःची सिस्टिम देते, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांना ती शिकवते. फरक इथंच पडतो. आपल्याकडंही साधनं आहेत. सी-डॅकची 'बॉस' लिनक्स आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतसुद्धा आहेत, तेही फुकट. सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या, असं केंद्राचं धोरण २०१५ पासून आहे. कमी आहे ती शेजारी बसणाऱ्या माणसाची.

म्हणून तीन मागण्या:

– महापालिका आणि झेडपीच्या शाळांनी संगणक भंगारात काढण्याआधी त्यावर एकदा लिनक्स चालवून बघावं आणि मगच निर्लेखन करावं.

– इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या पोरांना एनएसएसमधून हे काम द्यावं. एक पोरगं, एक शाळा, आठ दिवस. नुसतं टाकून फोटो काढायचा नाही. वरच्या सहाही गोष्टी पुऱ्या झाल्या की मगच काम झालं म्हणायचं.

– तालमी-मंडळांनी वर्गणीतून दोन-चार एसएसडी घेऊन आपल्या गल्लीतल्या शाळेला द्याव्यात.

शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्या गावात चालू स्थितीतला संगणक पोरांच्या हाताखालून काढून भंगारात जावा, हे आपल्याला शोभत नाही.

तुमच्या शाळेत, वाचनालयात असे पीसी पडून असतील तर कमेंटमध्ये लिहा. ज्यांना लिनक्स येतं त्यांनी आठवड्याचे किती तास देऊ शकता ते लिहा. जोडी लावून देऊया. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर का ते सांगा. चर्चा व्हायलाच पाहिजे.