पातेरा जाळू नका म्हणता, मग उचलायचा कोणी?

कोकणात पातेरा, म्हणजे झाडांखालचा पाचोळा, जाळणाऱ्यांना दोष देणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. कृषी मेळाव्यात ऐकली, ग्रामसभेत ऐकली, शाळेच्या पर्यावरण दिनालाही ऐकली. बोलणाऱ्यांचं म्हणणं खरंच असतं. पानं जाळली की खत जातं, धूर होतो, वणव्याला निमित्त मिळतं. पण नाही जाळायचा, तर तो उचलायचा कोणी, हा पुढचा प्रश्न एकाही व्यासपीठावरून मी ऐकला नाही. आणि खरा प्रश्न तोच आहे.

माझं सासर दापोली तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत. घरापुढे आंगण, मागे परसात नारळ आणि फणस, वर चढावर हापूसची कलमं आणि त्याहून वर कातळाच्या कडेला काजू. ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही मुंबईचं बिऱ्हाड मोडून इथे आलो. तेव्हापासून घराची आणि बागेची निगराणी माझ्याकडे आहे.

ही निगराणी म्हणजे हंगामाशी बांधलेलं काम. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात गणपतीपर्यंत गवत कमरेला लागतं. ते आधी पाखाडीवरून आणि आंगणातून काढावं लागतं, दसरा-दिवाळीच्या सुमारास बागेतून. ते वाळतंय तोवर पौष उजाडतो आणि पानगळ सुरू होते. कलमांखाली आंब्याची चामड्यासारखी पानं, परसात फणसाची पिवळी जाड पानं, वरच्या अंगाला काजूची, शिवाय वरच्या रानातून वाऱ्यावर येणारी ऐन-किंजळीची. माघात आमच्या आंगणात सकाळी खराटा मारला तरी दुपारी पायाखाली पानं वाजतात.

माझ्या सासूबाईंच्या काळी या पातेऱ्याला मागणी होती. गोठ्यात गुरांच्या पायाखाली तो पसरायचा आणि शेणमुतासकट उकिरड्यावर जायचा. उरलेला भाताच्या दाढीच्या, म्हणजे रोपं करायच्या जागेच्या, भाजावळीला लागायचा. शेण, कवळं, गवत, पातेरा आणि वर मातीचा थर, असा तो थाट असे. भाजावळ बरी की वाईट हा वेगळा विषय आहे, पण तेव्हा बायका हारे घेऊन रानात पातेरा गोळा करायला जात आणि दुसऱ्याच्या हद्दीतला उचलला म्हणून भांडणंही होत. आज वाडीतले बहुतेक गोठे रिकामे आहेत. खालचे भाताचे मळे पडीक आहेत. पातेऱ्याची दोन्ही गिऱ्हाइकं गेली आणि तो उचलणारे हातही मुंबई-पुण्याला गेले. गावात उरलेल्यांपैकी निम्मे माझ्या वयाचे, काही त्याहून मोठे.

बागांत नेपाळी कुटुंबं राखणीला असतात, स्थानिक गडीही मिळतात. पण पानगळीचे हे महिने नेमके मोहोराचे. तुडतुडे आणि भुरी यांच्यासाठी फवारण्या असतात, त्यांचा दिवस चुकवून चालत नाही. मी पातेरा भरायला सांगितला की आमचा गडी म्हणतो, ‘वहिनी, हारे भरत बसलो तर फवारणी कोण करणार? काडी लावली की तासाभरात मोकळं.’ त्याच्या हिशोबात चूक नाही. काजूखालची जमीन तर मोकळी करावीच लागते, कारण फाल्गुन-चैत्रात बोंडू गळून खाली पडतात आणि जाड पातेऱ्यात बी दिसतच नाही. मग बायकांनी ती वेचायची कशी? म्हणून वर्षानुवर्षं काजूखाली काडी लागते, आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटला की ठिणगी गडगा ओलांडून शेजारच्या कातळावरच्या वाळल्या गवतात जाते. पुढचं कोकणात कोणाला सांगायला नको. पंधरा-वीस वर्षं वाढवलेली कलमं एका दुपारी होरपळतात.

आणि याच वाडीत दिवाळीनंतर घाटावरून शेणखताचे ट्रक येतात. आम्ही ते पैसे मोजून घेतो. आपल्या बागेतली पानं जाळायची आणि दुसऱ्याच्या गोठ्यातलं खत भाडं भरून घाट उतरवून आणायचं, हा व्यवहार मला सहन होत नाही.

म्हणून मी यंत्राच्या बाजूने बोलते. पाचोळा ओढणारं यंत्र मी पहिल्यांदा तालुक्यातल्या एका फार्महाउसवर चालताना पाहिलं. पुढे जमिनीलगत रुंद तोंड, आत इंजिनावर फिरणारा पंखा, मागे मोठी कापडी पिशवी, आणि ढकलत न्यायला चाकं. सगळे त्याला नुसतं व्हॅक्यूम म्हणतात. पानं ओढली जातात ती पंख्याच्या पात्यांतून चुरा होऊनच पिशवीत पडतात. हे चुरा होणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. आंब्याचं अख्खं पान खड्ड्यात टाकलं तर पुढच्या वर्षीही शिरांसकट ओळखू येतं. चुरा केलेलं, शेणाच्या पाण्यात भिजवलेलं, मधून मधून मातीचा हात दिलेलं पान पावसाळा संपता संपता मातीच्या वासाला येतं. आठ-दहा हाऱ्यांचा पातेरा एका पिशवीत मावतो, म्हणजे वाहतूकही तेवढीच कमी.

मग ते भाड्याने मागून आमच्या आंगणात आणि काजूखाली चालवून घेतलं. जांभ्याच्या आंगणात ते उत्तम चाललं. काजूखाली बारीक जांभ्याची खडी ओढली जाऊन पात्यांवर आपटायला लागली, तेव्हा तोंड जमिनीपासून दोन बोटं वर घेतलं आणि काम पुढे सरकलं. नारळाच्या परसात मात्र झावळीचे हीर पंख्याला गुंडाळतात, तिथे आधी हातानेच झावळ्या काढाव्या लागतात. सकाळचं दव असताना पानं चिकटून तोंड तुंबतं, भर उन्हात लाल धूळ उडते. दव नुकतं उडालेलं असतं ती नऊ-साडेनऊची वेळ चांगली. नाका-तोंडाला फडकं हवंच. फवारणीचं औषध बसलेली पानं असतात, त्यांचा चुरा श्वासात जाऊ देऊ नये.

हे यंत्र सगळ्या बागेत फिरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कलमांच्या बुंध्याभोवती, आळ्यात, पातेरा राहिलाच पाहिजे. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, चैत्रातल्या उन्हात तो थर ओल टिकवतो. उचलायचा तो आंगणातला, पाखाडीवरचा, काजूखालचा आणि गडग्याच्या दोन्ही अंगांचा. गडग्यालगत दोन-तीन मीटरचा पट्टा पानं-गवताविना ठेवला की आग तिथे थांबायची शक्यता वाढते. वनखातं जंगलात जाळरेषा काढतं ती याच कारणासाठी, आणि त्यांचे कर्मचारी वणव्याच्या हंगामात पाठीवरच्या ब्लोअरने पानं बाजूला सारतात. जे जंगलाला चालतं ते वाडीच्या सीमेला का चालू नये?

दुसरं यंत्र मिनी ट्रॅक्टर. घाटावरचा मोठा ट्रॅक्टर आमच्या बेड्यातून आत येत नाही आणि आला तरी दोन गडग्यांमध्ये वळत नाही. पंधरा-वीस अश्वशक्तीचा, साधारण तीन फूट रुंदीचा छोटा ट्रॅक्टर मात्र कलमांच्या ओळीतून जातो. त्याला वर्षभर काम आहे. पावसाळ्यात चिखलणी, गणपतीपूर्वी वाटांची साफसफाई, दिवाळीनंतर खताची वाहतूक, माघात पातेऱ्याच्या पिशव्या, चैत्र-वैशाखात आंब्याचे क्रेट. इंजिनावर फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर फांद्यांचा चुरा करणारं श्रेडर चालतं, फवारणीचा पंपही चालतो. चक्रीवादळानंतर त्याची किंमत कळते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडला झोडपलं, तेव्हा आमच्या आगरातली नारळ-सुपारी आडवी झाली. वाटेवर पडलेला फणस ओढून बाजूला करायला वाडीत एकही यंत्र नव्हतं. माणसं कोयती आणि कुऱ्हाडी घेऊन भर पावसात फांदी-फांदी तोडत होती. म्हाताऱ्यांना औषधासाठी बाहेर न्यायचं तर वाट नाही. त्या दिवसांनंतर छोटा ट्रॅक्टर म्हणजे चैन, असं कोणी माझ्यासमोर म्हणू नये.

धोकेही आहेत, आणि ते यंत्र विकणारे पुरेसे सांगत नाहीत. चढावर ट्रॅक्टर आडवा चालवला की कलंडतो. उतारावर सरळ वर-खाली चालवायचा, भरलेली ट्रॉली मागून ढकलत असते हे ध्यानात ठेवून खालच्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि डोक्यावरची संरक्षक चौकट कलमांच्या फांद्यांना अडते म्हणून काढून ठेवायची नाही. मागच्या फिरत्या दांड्यावरचं झाकण कधीही काढू नये. तो मिनिटाला पाचशेचाळीस फेरे फिरतो. पदर, ओढणी, लुगड्याचा सोगा त्यात अडकला तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही. पातेऱ्याचं काम आमच्याकडे बायकाच करतात, म्हणून यंत्रासोबत त्यांना अंगाला बसणारे कपडे, बूट, चष्मा मिळाला पाहिजे आणि चालवायचं शिक्षणही. ग्रासकटरच्या बाबतीत हे आपण केलं नाही. आज कोकणात वाडीवाडीत ग्रासकटर आहे, आणि डोळ्यावर चष्मा नसलेला, चपला घातलेला तरुण तो चालवताना जागोजाग दिसतो.

आवाज आणि धूर हा आक्षेपही खरा आहे. दोन-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर तेलही जाळतं. अमेरिकेत घराभोवतीची पानं उडवायला असे ब्लोअर घरोघर वापरले गेले. मग वॉशिंग्टन शहराने २०२२च्या सुरुवातीपासून पेट्रोलच्या लीफ ब्लोअरवर बंदी घातली आणि कॅलिफोर्नियाने २०२४पासून अशा छोट्या पेट्रोल इंजिनांच्या नव्या विक्रीला आळा घालणारा नियम केला. आपल्याला त्या वाटेने पूर्ण जाऊन परत फिरायची गरज नाही. आंगणासाठी बॅटरीवरचं यंत्र, बागेसाठी चार-स्ट्रोक इंजिन, आणि मुख्य म्हणजे घरोघर वेगळं यंत्र घ्यायचं नाही.

माझा सगळा जोर इथे आहे. मिनी ट्रॅक्टर तीन-चार लाखांच्या घरात जातो. वीस घरांच्या वाडीत वीस व्हॅक्यूम आणि पाच ट्रॅक्टर उभे राहिले तर ती वर्षाचे दहा महिने पडवीत गंजणार आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहणार. वाडीला एक ट्रॅक्टर, एक व्हॅक्यूम, एक श्रेडर पुरतं. कोणाचा दिवस कोणता, हे ठरवायला वही पुरते. चालवायला गावातलेच दोन तरुण आणि दोन बायका तयार कराव्यात, त्यांना तासाप्रमाणे मजुरी द्यावी. हे काम बचत गटाकडे दिलं तर हिशोब चोख राहतो, हा आमच्या भागातला अनुभव आहे.

सरकारी योजनेत याला जागा आहे. कृषी यांत्रिकीकरणाचं केंद्राचं उपअभियान २०१४-१५पासून चालू आहे. त्यात महिला, अल्प व अत्यल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना पन्नास टक्क्यांपर्यंत आणि इतरांना चाळीस टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, गटाने अवजारे बँक काढायचीही सोय आहे. पण योजनेची सारी भाषा नांगर, रोटाव्हेटर आणि मळणीची आहे. बागायतदाराची मळणी म्हणजे पातेरा, हे कृषी खात्याने ओळखावं. पाचोळा ओढून चुरा करणारं यंत्र हे बंगल्याच्या बागेचं सामान न समजता वणवा रोखण्याचं आणि खत करण्याचं अवजार म्हणून त्याला अनुदान द्यावं. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२पासून इथेच आहे. आमच्या चढावर, आमच्या जांभ्यावर कोणतं यंत्र टिकतं याची चाचणी तिथे घेऊन निकाल मराठीत छापावा. विक्रेत्याच्या सपाट मैदानावरच्या चित्रफितीवरून आम्ही लाखांची खरेदी का करावी?

जाळण्यावर दंड लावून हे सुटेल असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच सांगते की उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६मध्येच दिला आहे. त्याने आमच्या वाडीतली एक काडीही विझली नाही. सत्तरीच्या बाईला, जिचा मुलगा विरारला राहतो आणि जिच्या परसात गुडघाभर पातेरा साचला आहे, तिला पावती फाडून देणार का?

आता चाकरमान्यांना थेट विनंती. जवळजवळ प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला, सभामंडपाला, पालखीला तुम्ही मनापासून वर्गणी काढता, आणि ती काढलीच पाहिजे. तुमची बंद घरं, त्यांच्यापुढची पाखाडी, वडिलांनी लावलेली कलमं वर्षभर गावातली म्हातारी माणसं राखतात. यंदा गणपतीत वाडीची सभा भरेल, तेव्हा वाडीचा ट्रॅक्टर आणि पाचोळ्याचं यंत्र हा विषय कागदावर घ्या. अवजारे बँकेसाठी गट नोंदवा, आणि अनुदान वजा जाता उरलेली रक्कम मंडळाने उचलावी असा ठराव करा. खरेदी दिवाळीपर्यंत झाली पाहिजे, कारण पौषात पानं गळायला लागतात.