उन्हाळ्यातले उत्सव आणि पाहुण्यांची तहान

चैत्र शुद्ध प्रतिपदेस दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या की नागपूर शहरात उत्सवांची जी मालिका सुरू होते, ती वैशाखी पौर्णिमेपर्यंत अखंड चालते. पाडव्यास लागूनच सिंधी बांधवांचा चेटीचंड येतो; नंतर रामनवमी, १४ एप्रिलची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती, अक्षय्य तृतीया आणि अखेरीस बुद्धपौर्णिमा. या दिवसांत बाहेरगावचे आप्तेष्ट, यात्रेकरू व व्यापारी शहरात येतात, बाजारास तेजी येते आणि रस्त्यांवर कमानी चढतात. हे सर्व इष्टच आहे. उत्सवावाचून समाज म्हणजे ओलाव्यावाचून माती होय. परंतु या पाहुण्यांना आपण कोणत्या वेळी रस्त्यावर उभे करतो आणि त्यांच्या घशास पाण्याचा घोट मिळतो की नाही, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण नागपूरच्या उन्हात तो सोयीगैरसोयीचा राहत नाही, जीविताचा होतो.

आपल्या पूर्वजांनी यात्रा-जत्रा चैत्र-वैशाखात घातल्या त्यास कारण होते. रब्बीचे पीक घरात आलेले, खरिपाची पेरणी अद्याप दूर, कुणब्याच्या हाती चार पैसे व चार दिवसांची उसंत, असा तो काळ. पण त्या वेळचा यात्रेकरू पहाटे वाट चाले, दुपारी आमराईत विसावा घेई व दिवस कलल्यावर पुन्हा मार्गस्थ होई. आज आमराई गेली व तिच्या जागी डांबर आणि सिमेंटचे रस्ते आले. शहाणपणाने असे म्हणावयास हवे होते की, सावली कमी झाली तेव्हा दुपारचा विसावा वाढवू. घडले ते उलट. भर बाराला दुचाक्यांच्या फेऱ्या, देवादिकांच्या वेषात चित्ररथावर तासन् तास उभी केलेली कोवळी मुले, आणि पुढाऱ्यांच्या आगमनाची वाट पाहत उघड्या मैदानात बसविलेले म्हातारे श्रोते, हे दृश्य आता कोठेही दिसते. ही परंपरा नव्हे. ही अलीकडे लागलेली खोड आहे.

या प्रश्नाचा विचार करावयास जरीपटक्यासारखी दुसरी वस्ती नाही. मराठ्यांच्या निशाणाचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधूच्या काठची माणसे येऊन राहिली. पंजाब व बंगाल यांचे दोन तुकडे झाले आणि एकेक तुकडा तरी भारतात राहिला. सिंध प्रांत मात्र सबंधचा सबंध पलीकडे गेला. ज्यांच्या वाट्यास भूमी उरली नाही, त्यांनी भाषा आणि सण एवढेच बरोबर आणले. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषेस राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, ते या चिकाटीचे फळ होय. चेटीचंड हा त्यांचा वर्षारंभ आणि झूलेलाल हे त्यांचे आराध्य. झूलेलाल म्हणजे जलदेवतेचा अवतार. त्या दिवशी बहराणा साहिब सजवितात, त्यात दिवा, खडीसाखर, वेलची, फळे मांडतात, नाचत-गात तो पाण्याकाठी नेतात व विसर्जन करतात. प्रसादात गोड भात, उकडलेले हरभरे आणि सरबत असते. ज्या सणाचे दैवत पाणी आहे, त्याच सणाच्या मिरवणुकीत कोणी पाण्यावाचून भोवळ येऊन पडावे, याहून मोठी विसंगती कोणती?

जरीपटक्यास लागून इंदोरा आहे. तेथील बुद्धविहार भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांच्यामुळे सर्वदूर परिचित झाला आहे. भीमजयंती व बुद्धपौर्णिमा या भागात घरच्या कार्याप्रमाणे साजऱ्या होतात. एका हाकेच्या अंतरावर जलदेवतेचे उपासक आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या महापुरुषाचे अनुयायी राहत आहेत. पाण्याचे मोल या दोन समाजांइतके कोणास कळावे? एकाने नदी गमावली. दुसऱ्यास तळ्यावर हक्क सांगण्यासाठी लाठ्या खाव्या लागल्या.

आता उन्हाचा हिशेब पाहू. सपाट प्रदेशात पारा ४५ अंशांवर गेला की हवामान खाते त्यास उष्णतेची लाट म्हणते व ४७ वर गेला की तीव्र लाट. नागपुरास २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. ३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखविले आणि देशभर हाहाकार उडाला. पुढे तो आकडा यंत्रातील दोषाचा असल्याचे खात्याने सांगितले. त्या खोट्या आकड्याची काही दिवस जी फुशारकी चालली, तीवरून आपल्या मनोवृत्तीची कल्पना येते. आमचे ऊन किती कडक, हे सांगण्यात आम्ही भूषण मानतो. त्या उन्हात पाहुण्यास सावली किती दिली, हे सांगावयाची वेळ आली की गप्प बसतो. खऱ्या आकड्यानेच मनुष्य मरतो. त्यास खोट्या आकड्याची जोड नको.

माणूस उन्हाने मरतो तो कसा, हेही समजून घेतले पाहिजे. घाम येतो आणि तो वाळताना अंग निववितो. अंगातील पाणी व मीठ सरले की घाम आटतो, शरीराची उष्णता ४० अंशांच्या पुढे चढते, जीभ अडखळते, बुद्धीस भ्रम पडतो आणि मनुष्य कोसळतो. गर्दीत कोसळलेला माणूस शेजाऱ्यालाही लवकर दिसत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ उघड्या मैदानात झाला. लोक श्रद्धेने आले होते, शिस्तीने बसले होते, आणि त्यांपैकी १४ जण प्राणास मुकले. तेथे पारा नागपूरच्या मे महिन्याइतका चढलेलाही नव्हता. ज्या श्रद्धेने माणूस उन्हात बसून राहतो, त्या श्रद्धेचा भार आयोजकाच्या शिरावर असतो. पाहुणा आपण होऊन उठणार नाही, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने त्यास तेथे बसवूच नये.

यावर आक्षेप येईल की, सणाच्या वेळा धर्माने ठरविल्या आहेत, त्यांत ढवळाढवळ करणारे तुम्ही कोण? आक्षेप रास्त असता तर आम्ही लेखणी आवरली असती. पण सणांकडेच विचारून पाहा. चेटीचंड हा चंद्रदर्शनाचा सण. अमावास्येनंतरची पहिली कोर सूर्यास्तानंतरच दिसते. बुद्धपौर्णिमेचे तेज पूर्ण चंद्राचे. भीमजयंतीस नागपूरकर १३ एप्रिलच्या मध्यरात्री दीक्षाभूमीवर व संविधान चौकात लोटतात, ती वेळ त्यांची त्यांनीच निवडली आहे. रामजन्म मात्र माध्यान्हीचा आहे, हे खरे. पण तो पाळणा मंदिराच्या छायेत हलतो, शोभायात्रेस सायंकाळ मोकळी आहे. तेव्हा दुपारच्या फेऱ्यांचा आग्रह कोणत्याही दैवताचा नाही. तो आहे ध्वनिक्षेपकवाल्याच्या दिवसभराच्या भाड्याचा आणि पुढाऱ्यांच्या वेळापत्रकाचा.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन ठेवून दिले. १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या ३३ व्या कलमान्वये मिरवणुकीचा मार्ग, क्रम व वेळ ठरवून देण्याचे नियम करता येतात. म्हणजे अधिकार आहे. तो वापरण्याची हिंमत हवी. तथापि जे काम लोकांच्या समजुतीने होते, ते दंडुक्याने करवून घेणे आम्हांस कमीपणाचे वाटते. याच नागपुरात १९२३ साली ऐन मे महिन्यात झेंडा सत्याग्रह सुरू झाला. स्वयंसेवकांच्या तुकड्या निशाण घेऊन निघत व पकडल्या जात. त्यांचे बळ गोंगाटात नव्हते, नियमात होते. पारतंत्र्यात जे शहर स्वतःस शिस्त लावू शकले, त्यास स्वराज्यात ती लावता येऊ नये काय?

आमची पहिली सूचना अशी की, चैत्र प्रतिपदेपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळेत कोणत्याही धर्माची, पक्षाची वा शाळेची मिरवणूक रस्त्यावर काढू नये, असा ठराव सर्व उत्सव मंडळांनी एकत्र बसून करावा. ठराव सर्वांस सारखा लागू असावा. एकास मनाई व दुसऱ्यास मुभा झाली की आरोग्याचा प्रश्न तंट्याचा होतो.

दुसरी सूचना पाण्याविषयी. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेस उदककुंभाचे दान करतात. पाणपोई घालणे हे पुण्यकर्म मानले आहे. परंतु आजच्या पाणपोईचे आयुष्य पाहावे. उद्घाटनास हार, छायाचित्र व दात्याच्या नावाचा हातभर फलक. पंधरवड्यात माठ कोरडा, ओगराळे नाहीसे आणि फलक तेवढा शाबूत! पाणी आटले तरी नाव आटत नाही. यास उपाय एकच: पाणपोई एकट्या दात्याची न राहता रस्त्याची व्हावी. जरीपटक्याच्या व्यापाऱ्यांनी व इंदोऱ्याच्या मंडळांनी मिळून एक समिती करावी. पाडव्यास माठ भरावे ते पावसाळा लागेपर्यंत रिकामे होऊ देऊ नयेत. कोणत्या दिवशी पाणी कोण भरणार, याची यादी तेथेच लावावी. झूलेलालांच्या नावाचे पाणी भीमजयंतीच्या वाटसरूने प्यावे आणि विहाराच्या माठातून चेटीचंडाच्या पाहुण्याने ओंजळ भरावी. जातीजातींचे माठ वेगळे ठेवणारा काळ आपल्या आजोबांनी पाहिला आहे. एकाच माठाचे पाणी पिणारा काळ आपल्या नातवंडांनी पाहावा. महानगरपालिकेनेही आपला भाग उचलावा. पाणीपुरवठा हे तिच्या कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेच्या लाटेसाठी कृतियोजना आखली, पुढे नागपूरनेही त्या मार्गाने पाऊल टाकले. त्या कागदावरील योजनेचा खरा कस मिरवणुकीच्या दिवशी रस्त्यावर लागतो.

सरबत वाटणाऱ्या दानशूरांस एक इशारा देणे अवश्य आहे. कारखान्यातील सगळा बर्फ पोटात घालण्याजोगा नसतो. खाण्यास अयोग्य अशा बर्फास निळा रंग देण्याचा दंडक महाराष्ट्रात २०१८ साली घालण्यात आला तो याचसाठी. दोन पैसे वाचविण्याकरिता असला बर्फ सरबतात फोडणे म्हणजे पुण्याच्या पेल्यातून पटकी वाटणे होय.

आता पाहुण्यांसाठी चार शब्द. उत्सवास अवश्य यावे. पण येथील लोक दुपारी रस्ता का सोडतात, हे ध्यानी घ्यावे. रेल्वेने उतरल्यावर मेट्रोने सीताबर्डीस यावे, तेथे ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी गाडी धरावी व इंदोरा चौकात उतरावे. जरीपटका तेथून जवळ आहे. दीक्षाभूमी वा कामठीचे ड्रॅगन पॅलेस पाहावयाचे असल्यास सकाळी लवकर निघावे. डोक्यास व कानांस पांढरा दुपट्टा बांधावा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. पन्हे, ताक, बेलाचे सरबत, सिंध्यांची थादल ही येथील खरी मेजवानी आहे. नवतप्याच्या दिवसांत येऊन ताज्या संत्र्यांचा आग्रह धरू नये; मृगबहार उन्हाळ्याच्या आरंभीच आटोपतो व आंबियाबहार पावसाळ्यानंतर येतो. कांदा जेवणात खावा; तो खिशात बाळगल्याने ऊन लागत नाही, ही समजूत खिशातच राहू द्यावी. कोणी भोवळ येऊन पडल्यास भोवती कोंडाळे न करता त्यास सावलीत न्यावे, अंगावर ओले फडके फिरवावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत गेल्यास उपकाराचा अपकार होतो.

व्यापारीवर्गास आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो. उत्सवाचा नफा आपल्या गल्ल्यात येतो. तेव्हा त्याच्या खर्चाचा एक भाग आपल्या ओट्यावर पडणे न्याय्य आहे. दुकानापुढे चार हात कापड ताणले आणि एक बाकडे टाकले तर त्यास किती खर्च येतो? सावलीत बसलेला मनुष्य उद्याचा गिऱ्हाईक असतो, हा व्यवहार तुम्हांस आम्ही शिकवावा असे नाही. परंतु तो गिऱ्हाईक नसला तरी पाहुणा आहे. घरात पाहुणा आला की पाय धुण्यास पाणी व बसण्यास सावली देऊन मगच त्याचे नाव-गाव विचारणारी आपली रीत आहे. रस्त्यावर आलेल्या पाहुण्याशी आपण निराळ्या रीतीने वागलो, तर कमानीवरील ‘सुस्वागतम्’ हे अक्षर खोटे ठरेल.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण मुलांना सांगतो. पुढच्या पाडव्यास अद्याप अवधी आहे. मंडळांनी आताच बसावे आणि वेळेचा ठराव व माठांची यादी या दोन गोष्टी पाडव्याच्या आत पक्क्या कराव्या.